पानाच्या पेटीतल्या गोळ्या

पावने, सोमवार, १७ नोव्हेंबर

पयली आली ती शकुबाय. दवाखान्यातून मला गाडीतून उतरवत होते, एक पाय अजून गाडीत, तर तुजी आतेसासू आपल्या ओट्यावर मांडी घालून बसलेली. तीन शहाळी, एक पपई आनि तोंड. तोंड ती कुठं जाताना घरी ठेवतच नाय. मला बगून बोलली, "वयनी, तुला बगून वाटत नाय तू मरायला टेकलेलीस." मी बोलली, "शकू, तुला बगून वाटतं तू त्याच कामाला आलेलीस." दोगी हसलो. मग तिनं रडून घेतलं. मग चहा मागितला.

तिच्यामागं केशरबाय. तिच्याच नातवाच्या हळदीत मी आडवी झाली ना, तिला तर येनं भागच होतं. दही घेऊन आली आनि मोबाईल. मोबाईलमधी हळदीचा व्हिडिओ. हळद कुटायला मी बसली, गानं धरलं, हात वर नेला आनि गेली कलंडून, सगळं शुटिंगमधी आलंय. केशरबाय बोलली, "काशे, नवऱ्यापेक्षा जास्त तूच दिसतेस. सगळ्या गावानं तीन-तीनदा बगितला." मीपन दोनदा बगितला. पडताना लुगडं नीट होतं, देवाची किरपा.

प्रिया बाय, तू गेलीस त्याला आज नऊ दिस झाले. फोन लावला तर तू उचलत नायस. म्हनून कागद. तुला हसू येईल, सासू पत्र लिहिते. मी तिसरी पास हाय, चौथीत असताना मिठागरावर जायला लागली ती पाटी तिथंच सुटली. पन तुज्या मोनालीनं मला परत बसवली. ही चार रेघांची वही तिचीच. जोडाक्षर आलं की पेन्सिल अडते, पन मी काय थांबत नाय. फोनवर मला कायपन बोलता येतं, कागदावर हात हळू चालतो, तेवढंच बरं. पत्र वरच्या खोलीतली मीना आनून देईल. ती सीवूड्सच्या मॉलमधी दुकानात जाते, तुज्या आईची बिल्डिंग तिच्या वाटेवर.

घरात बसायला जागा नाय एवढी मानसं येतात. चटई गुंडाळायला वेळ नाय. कोन सफरचंद आनतं, कोन अंडी, कोन अंगारा. मी उशीला टेकून रानीवानी. शंभरदा तेच सांगायचं, हात कसा वर गेला, डोळ्यापुढं काळं कसं आलं. डॉक्टर बोलले प्रेशर दोनशेच्या वर, आनि रक्तात कॅल्शियम लय वाढलंय. मला हसूच आलं. दोन वर्षं झाली गुडघ्याचा डॉक्टर बोलत होता कॅल्शियम कमी, हाडं झिजली. आता हे बोलतात जास्त झालं. मंजे कमी झालं तरी मी आजारी, जास्त झालं तरी मी आजारी. सहा दिस सलाईनवर ठेवली मला. आंगात खाडी भरली.

आता तू रागावू नको. मानसं बोलतात. शकुबाय बोलली, "औषधाच्या कंपनीत कामाला हाय ती, रबाळ्याला. तिला गोळ्या कळत नाय असं कसं बोलायचं?" केशरबाय बोलली, "गोळ्यांचा डबा तीच भरायची ना?" मी सांगितलं, पोर सकाळी सातला घर सोडते, थकते, एखादी गोळी इकडची तिकडं झाली असंल. बाय, तुज्या हातून चुकलं असंल तर असूदे. मी मनात ठेवलं नाय. मी सगळ्यांच्या देखत तुला माफ केलं. शकुबाय बोलली, "वयनी, तू देवमानूस हायस."

मोनालीला सांग, आजी पत्र लिहिते. दूध पी बोल तिला. तिचं दप्तर अजून खुंटीला हाय, शाळेचं काय केलंस?

काशीबाय

पावने, गुरुवार, २० नोव्हेंबर

मीना बोलली, तू पत्र घेतलंस आनि न उघडता फ्रीजवर ठेवलंस. बरं. फ्रीजवर ठेवलंस, कचऱ्यात नाय टाकलंस. तुज्या आईनं मीनाला चहा इचारला, ते पन बरं. तुजी आई मंजे मानूस, तिचा राग असला तरी कप बशीतच येतो.

काल माजा दिपेश मला दाखवायला घेऊन गेला. स्कूटरवर नाय, रिक्षानं. तो हल्ली गपच असतो. भाकरी मीच थापते, तो खातो, ताट ठेवतो. परवा त्यानं मोनालीच्या उशीचा अभ्रा बदलला. कशाला ते इचारलं तर बोलला, "धूळ बसली." त्यात धूळ कुठली?

दवाखान्यात तो फोन आला म्हनून भायेर गेला. आत मी आनि ती पोरगी डॉक्टर. वय काय, तुज्याहून चार वर्षांनी लहान. रिपोर्ट हातात घेऊन मला बोलली, "आजी, एक विचारू? तुमची सून त्या दिवशी गोळ्यांचा डबा, रिकामी पाकिटं, गुडघ्याच्या डॉक्टरांचा कागद, सगळं घेऊन आली होती. मी मोजलं. सगळं बरोबर भरलेलं होतं. मग एवढं कॅल्शियम आलं कुठून? तुम्ही वरून काही घेता?"

बाय, मी चाट पडली. तू डबा घेऊन गेली होतीस? मोजून दाखवलास? मला कोनी सांगितलंच नाय.

ती इचारत गेली, मी बोलत गेली. तिच्या चेहऱ्याकडं बगून बोलू नये पन मी बगत होती, ती बदलत होती.

"पान खाता?"

"खाते की. कळतं झाल्यापासनं."

"चुना लावून?"

"चुन्याबिगर पान मंजे झाडाचा पाला, बाय."

"दिवसाला किती?"

"मोजत नाय. दहा. बारा. कोन आलं तर जास्त."

मग मी तिला व्हिडिओचं पन सांगितलं. तो बाबा सांगतो ना, गव्हाच्या दान्याएवढा चुना दह्यात घालून खा, हाडं लोखंड होतील. केशरबायनी पाठवलेला. तो पन खायची मी. सकाळचा. तू आंघोळीला गेलीस की.

तिनं पेन खाली ठेवलं. "आणि गुडघ्याच्या डॉक्टरांनी दिलेली ती व्हिटॅमिन डीची पावडर? दुधातून घ्यायची?"

"घेते."

"कधी?"

"रोज."

"रोज?" असं बोलली की भायेरच्या नर्सनं आत डोकं घातलं. "आजी, ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते!"

मी बोलली, आठवड्यातून एकदा भात खाल्ला तर आंगाला लागतो का? तिला हसू आलं नाय. मला तेव्हा कळलं काय तरी मोठं हाय.

खरं सांगू? तू चार पाकिटं आनायचीस, ती रविवारची रविवार तुज्या समोर घ्यायची मी. बाकीची मी स्वतः आनायची. बसस्टॉपजवळच्या मेडिकलात तोच जुना कागद दाखवायचा, तो देतो. गनपतीपासनं. दुधात घातली की शहाळ्यासारखी लागते, गोड. आनि गुडघा खरंच बरा वाटायचा, निदान तेव्हा वाटलं. मी बोलली एकानं एवढं बरं तर सातानं किती.

डॉक्टरनं कागदावर एक नळी काढून दाखवली. बोलली, कॅल्शियम हाडाला लागतं हे खरं. पन रक्ताच्या नळीला पन भिंत असते, त्या भिंतीत मास असतं, आनि त्या मासाला आवळायला कॅल्शियमच लागतं. मासात कॅल्शियम शिरलं की ते आवळतं, नळी बारीक होते, तेवढंच रक्त बारीक वाटेनं दामटायचं मंजे प्रेशर चढतं. आनि ती पावडर काय करते, पोटातून कॅल्शियम ओढून रक्तात घेते. मी वरून चुना, खालून कॅल्शियमची गोळी, मधी पावडर. रक्तात मावेना एवढं झालं. मूत्रपिंडावर ताण आला. तहान लागायची ना मला, रात्रीचे दोन तांबे? पोट साफ नाय व्हायचं? मोनालीला चंद्री बोलली मी दोनदा, माज्या मेलेल्या बहिनीचं नाव? ते सगळं त्याचंच. मी बोलत होती म्हातारपन. म्हातारपन नाय, चुना.

मी चुना सत्तर वर्षं खाते, बाय. माज्या आईनं खाल्ला, सासूनं खाल्ला. बाळंतिनीला आमी चुन्याची निवळी पाजायचो. आनि ही पोरगी बोलते बंद. एक बोट पन नाय. मी तिच्याकडं बगत राहिली, जसं कोनी बोलावं की उद्यापासनं श्वास घेऊ नको.

तर पावडर माजी चूक, ती मी घेते पदरात. चुना पन. गोळ्यांचं मात्र मला काय ठाऊक नाय. ते डॉक्टर जाने.

डॉक्टरला बोलली, माज्या लेकाला सांगू नको. ती बोलली, "मी नाही सांगत. तुम्ही सांगा."

मी अजून सांगितलं नाय.

काशीबाय

पावने, शनिवार, २२ नोव्हेंबर

तुजी चिठ्ठी मीनानं आनून दिली. मी चष्मा लावला, तीनदा वाचली. एकच ओळ. "सकाळची गोळी घेतली का?"

सासूनं दोन पत्रं लिहिली, पानं भरली, आनि सून तेवढंच इचारते. मी ओट्यावर बसली आनि रडली. रस्त्यानं शकुबायचा लेक केतन चालला होता, तो बोलला, "मामी, कोन गेलं?" मी बोलली, कोन नाय गेलं, जा तू.

नाय घेतली, बाय.

आज घेतली. काल घेतली. दवाखान्यात नर्सनं तोंडात घातली म्हनून घेतली. पन त्याच्या आधी नाय घेतली. नवरात्रात घट बसले त्या दिवसापासनं हळदीपर्यंत एक पन नाय. तू रविवारी डबा भरायचीस, सोमवार, मंगळवार, एकेक खन. मी रोज सकाळी तुज्या समोर झाकन उघडायची, पान्याचा पेला उचलायची, तू मोनालीची वेनी घालायला वळलीस की गोळी पदरात. मग पानाच्या पेटीत, खालच्या खनात, सुपारीच्या खाली. काल काढून मोजल्या. अठ्ठेचाळीस. काही सुपारीच्या रंगानं तांबड्या झाल्यात.

टाकून का नाय दिल्या? तू पैसे देऊन आनलेलं औषध उकिरड्यावर टाकायचं मला जमलं नाय. आनि घ्यायचं पन जमलं नाय.

आता का ते सांगते. तुला आठवतं, नवरात्राच्या आदल्या रातीला मी तुला इचारलं, ही सकाळची प्रेशरची बारकी गोळी करते काय? तू कपडे घड्या घालत होतीस. तू मूठ वळून दाखवलीस. "आई, नसेच्या भिंतीत कॅल्शियम शिरलं की ती अशी आवळते. ही गोळी कॅल्शियमला आत शिरू देत नाही. मग मूठ सुटते." आनि तू मूठ सोडलीस. चांगलं सांगितलंस, मी तुला दोष देत नाय. पन मी त्यातलं एकच धरलं. ही गोळी कॅल्शियमची दुश्मन. आनि रातची मोठी गोळी कॅल्शियमची. मंजे सकाळची गोळी जे काढते ते मी राती भरते? माज्या पोटात दोन बाया भांडतात आनि गुडघा माजा दुखतो? मी ठरवलं, एकीला घरी पाठवायची. दुखतं ते गुडघ्याला. प्रेशर काय दुखत नाय. म्हनून सकाळची गेली.

हे मी तुला इचारलं असतं तर तू दोन मिनिटांत सांगितलं असतंस. नाय इचारलं. तुज्यापुढं अडानी दिसायचं नव्हतं.

गुरुवारपासनं डॉक्टरची ती नळी डोक्यात फिरत होती. मग काल मला माज्या भाषेत कळलं. आपली खारीची शेती होती ना, आता जिथं कारखान्यांचे पत्रे हायत तिथं. खाडीच्या बाजूला बांध, बांधाला उघाडी. लाकडाचं दार. भरती आली की ते मिटायचं, खारं पानी शेतात शिरू नये म्हनून. तुजा सासरा त्या उघाडीवर राखन करायचा, भरतीच्या वेळा त्याला घड्याळाबिगर ठाऊक. ही गोळी मंजे ते दार. नसेच्या भिंतीतल्या मासाचं दार. ती हाडातलं काय नेत नाय, रक्तातलं काय काढून टाकत नाय. नुसती दार धरून उभी राहते. उघाडी मिटली म्हनून खाडी आटत नाय, बाय! आनि मी काय केलं? मी उघाडीवरचा राखनदार घरी पाठवला, आनि दुसऱ्या अंगानं पावडर नि चुना घालून खाडीला उधान आनलं. शेत बुडनारच.

ऐंशी वर्षांच्या बाया मिठागरावर ज्याला मूर्खपना बोलायच्या, ते काम मी माज्या आंगात केलं. हे कळलं तेव्हा मी पानी प्यायला उठली ती तांब्या हातात घेऊन तशीच उभी.

अजून एक हाय. ते लिहायचं नव्हतं. पेन्सिलीला तीनदा टोक काढलं.

दवाखान्यात, दुसऱ्या दिवशी, तू माज्या पायाशी उभी होतीस. शकुबाय खुर्चीवर. दिपेश दारात. मोनाली तुज्या ओढनीला धरून, हातात तिची पान्याची बाटली. दिपेश बोलला, "तू आईला काय दिलंस?" तू बोललीस, "मी काही चुकीचं दिलं नाही." शकुबाय बोलली, "सासू गेली की घर मोकळं, असंच असतं आजकाल." तू परत बोललीस, "मी काही चुकीचं दिलं नाही." दिपेशनं हात वर केला, मारायला नाय, गप कर म्हनून, पन मोनाली ओरडली. तू तिसऱ्यांदा बोललीस तेव्हा तुजा आवाज फाटला.

तुला वाटलं असंल मी झोपलेली होती. सगळ्यांना तसंच वाटलं.

मी जागी होती, प्रिया. डोळे मिटलेले पन जागी. सगळं ऐकलं. मला एक शब्द बोलायचा होता, "मी नाय घेतली." जीभ जड होती हे खरं. पन एवढी जड नव्हती. डोळा उघडला असता तरी दिपेश थांबला असता. मला भीती वाटली, आता सगळे माज्यावर ओरडतील. आनि मग तू गेलीस. मग मानसं यायला लागली, शहाळी, पपई, कोन पाय चेपतंय, कोन इचारतंय वयनी काय खानार. आयुष्यात मला एवढं कोनी इचारलं नाय. मला बरं वाटत होतं गं. तुज्या नावावर मी बसून सगळं खाल्लं.

आनि वर तुला माफ केलं. पयल्या पत्रात. ते पान फाडून टाक.

काशीबाय

पावने, सोमवार, २४ नोव्हेंबर

दिपेशला शनिवारीच सांगितलं. जेवायला वाढलं, तो पयला घास घेत होता. मी पेटी आनून ताटाशेजारी पालथी केली. तो बोलला, "आई, ह्या कुठल्या?" मी बोलली, माज्या. तुजी बायको देत होती, मी घेत नव्हती. ती तीनदा बोलली, तू एकदा पन ऐकलं नाय, आनि मी ऐकून गप राहिली. तो माज्यावर ओरडला नाय. ओरडला असता तर बरं. हात धुवून भायेर गेला आनि अंधारात स्कूटर धूत बसला. धुतलेलीच होती.

आज सकाळी दोगी आल्या, शकुबाय आनि केशरबाय. ह्या गुरुवारी मार्गशीर्षातला पयला गुरुवार. शकुबाय बोलली, "प्रिया नाय तर घट मीच मांडते इथं. घराला बाई पायजे." ओच्यात सुपाऱ्या घेऊनच आलेली.

मी बोलली, "बस. आधी ऐक." आनि सांगितलं सगळं. पावडर, चुना, गोळी, डोळे मिटून जागी ते पन.

तुला वाटंल दोगी चाट पडल्या. नाय! शकुबायनी केशरबायकडं बगितलं, केशरबायनी शकुबायकडं.

"वयनी, तिनं शिकवलं तुला हे बोलायला."

"कोन शिकवनार? ती फोन उचलत नाय माजा."

केशरबाय बोलली, "काशे, सुनेला घरी आनायची म्हनून तू आपल्या आंगावर घेतेस. आमाला कळत नाय का? तुजा सोभाव भोळा."

बग बाय, खोटं बोलली तेव्हा चहाच्या एका कपात सगळ्या गावाला पटलं. खरं बोलली तर कोनी घेईना. मला एवढा राग आला की डॉक्टरनं राग करू नको बोललेलं तेपन विसरली. पेटी आनली आनि अठ्ठेचाळीस गोळ्या शकुबायच्या ओच्यात ओतल्या, तिच्या सुपाऱ्यांवर. "घे. मोज. ह्या काय प्रियानं सीवूड्सवरून फेकल्या?"

शकुबायनी एक गोळी उचलली, उजेडाला धरली. तिचं तोंड कधी बंद झालेलं मी लग्न होऊन आल्यापासनं बगितलं नव्हतं. आज बगितलं. पांढरी पडली. बोलली, "वयनी, ही तर माजी गोळी."

"तुजी कशी? माजी हाय."

"तीच. तेच नाव. मला पन प्रेशरला हीच दिलीय." मग हळूच, "मी पन बंद केलीय. दसऱ्याला सोनं द्यायला आली तेव्हा तूच बोललीस ना, ही हाडातलं कॅल्शियम खाते. तेव्हापासनं."

प्रिया, मी बोलली होती. खरंच बोलली होती. आपट्याचं पान हातात देता देता बोलली, आनि विसरून गेली. मी माजंच नाय, नंदेचं पन दार उघडं टाकलं.

मग कसला घट आनि कसलं काय. केतनला फोन केला, त्यानं गाडी काढली, आमी तिगी नाक्यावरच्या डॉक्टरकडं. शकुबाय रस्ताभर बोलत होती, "मला काय होत नाय, मी ठनठनीत हाय." डॉक्टरनं पट्टा बांधला. एकशे ब्यान्नव. दुसऱ्या हाताला बांधला. एकशे नव्वद. डॉक्टरनं तिला तिथंच आडवी केली, गोळी दिली, तासभर हलू दिली नाय. बोलला, अजून पंधरा दिस असंच चाललं असतं तर मला बोलायला पेशंट राहिला नसता. शकुबाय छताकडं बगत पडलेली, डोळ्यातून पानी कानात जात होतं. मी तिचा हात धरला. बोलली, "वयनी, मी त्या पोरीला काय काय बोलली गं."

मी बोलली, "मला नको सांगू. मी तेव्हा झोपलेली." तिला हसू आलं, मग परत रडली.

आता ती घरी हाय, केतनची बायको तिच्या समोर बसून गोळी गिळायला लावते आनि तोंड उघडून दाखवायला सांगते. मला पन दिपेश तसंच करतो. पान बंद हाय. पाच दिस झाले. तोंडात नुसती बडीशेप, गुरांसारखं वाटतं. पन काल मोनालीचं नाव बरोबर घेतलं, एकदा पन चुकलं नाय.

बाय, आता माजं ऐक. तुला ये बोलायचं तोंड मला नाय, म्हनून बोलत नाय. मी येते. बुधवारी सकाळी. आमच्यात सासू सुनेच्या माहेरी बोलावल्याबिगर जात नाय, तुज्या आईला ठाऊक नसंल, पन मला ठाऊक हाय आनि मी येते. दिपेश बरोबर असंल. तो जिन्यावर थांबंल, तू बोलव बोललीस तर वर येईल, नायतर नाय. मी तुज्या आईच्या समोर, मोनालीच्या समोर बोलनार. पोरीनं बापाचा हात वर झालेला बगितलाय, तर आजीचं तोंड उघडलेलं पन बगू दे. मग तू काय ठरवशील ते. घरी नाय यायचं बोललीस तर मी चहा पिऊन परत येईन, आनि दर आठवड्याला येईन. रिक्षा हाय, पाय हायत.

एक मात्र तुला आधी सांगून ठेवते, नंतर बोलू नको सासूनं फसवलं. डॉक्टरकडनं निघताना केशरबायनी आपल्या पिशवीतनं गोळ्यांची पुडकी काढली, सात-आठ, कुठली कशाची तिला ठाऊक नाय, तीन तर लेकानं दुबईवरून पाठवलेली. शकुबायकडं घरी अजून एक डबाभर. दोगी मला बोलल्या, "प्रियाला बगायला सांग ना, ती कंपनीत हाय, तिला कळतं." मी बोलली, "वा! आठ दिसांमागं तिला कळतं म्हनून ती वाईट होती." शकुबाय बोलली, "आधी मी तिच्या पाया पडंन, मग गोळ्या दाखवीन." ती मोठी, तू लहान, पाया कशी पडनार? पन बोलली.

मी त्यांना बोलली, प्रिया असंल का नाय मला ठाऊक नाय. त्या बोलल्या, नसली तर आमी परत जाऊ, पिशव्या न उघडता. घट मांडायचं शकुबायनी परत काढलं नाय.

गुरुवारी चारला आपल्याकडं येतो बोलून गेल्यात.

काशीबाय